दोनशे चौदा नंबरची बत्ती

मंगळवारी दुपारी मेल आला तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्यासमोर परत आलेल्या पुस्तकांची चळत होती. माझे वडील कै. जीवराम सरोदे यांना मरणोत्तर शौर्य पुरस्कार जाहीर झाला होता. समारंभ पुढच्या महिन्यात, नागपूरला. मानपत्राचा मसुदा सोबत जोडला होता. नावं, तारखा, तपशील कुटुंबीयांनी तपासून, सही करून सोमवारपर्यंत परत पाठवायचा होता.

मी मसुदा छापून घेतला. कागदावर वाचल्याशिवाय मला चुका दिसत नाहीत. बारा ओळी होत्या. पहिल्या सात ओळींत मला माहीत नसलेलं काही नव्हतं. वणीकडच्या एका भूमिगत कोळसा खाणीत तीन वर्षांपूर्वी, श्रावणातल्या एका शनिवारी दुपारी, पाण्याने भरलेल्या जुन्या भागाची भिंत फुटली. बचाव पथकाचे प्रमुख म्हणून नाना आत उतरले. वडिलांना मी नाना म्हणत असे. संध्याकाळपर्यंत त्यांच्या तुकडीने चार कामगार जिवंत बाहेर आणले. रविवारी सकाळी नऊ चाळीसला, पाचव्याच्या शोधासाठी, तुकडी पुन्हा आत गेली. छत बसलं. तुकडीतले पाच जण आत गेले होते, चार परत आले. नाना आले नाहीत.

आठवी ओळ अशी होती: "बत्तीघरातील नोंदीच्या त्रुटीमुळे आत अडकल्याचे समजले गेलेले कामगार श्री. नवल अभिमन सरोदे हे प्रत्यक्षात आधीच सुखरूप बाहेर पडलेले होते."

ही ओळ मी तीनदा वाचली असेन. मग कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि उरलेली पुस्तकं फळीवर लावली.

पाचवा माणूस खाणीत नव्हताच, तो दुसऱ्या वाटेने आधीच निघून गेला होता, हे आम्हाला त्याच आठवड्यात कळवलं होतं. नाव कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आई तेव्हा एवढंच म्हणाली होती, "वाचलं ना कोनाचं तरी पोरगं."

नवल म्हणजे नानांच्या चुलतभावाचा मुलगा. गावी, पहूरला, आमच्या घराच्या भिंतीला त्याच्या घराची भिंत लागलेली आहे. नानांनीच त्याला खाणीत ठेकेदाराकडे कामाला लावलं होतं. नाना गेल्यावर तो परत गेला नाही, कापूस आणि केळी बघू लागला. नानांच्या तिरडीला पुढच्या डाव्या बाजूचा खांदा त्याचा होता. तेव्हापासून पिंप्राळ्याला, आई आणि मी राहतो तिथे, केळीचा घड, दादर ज्वारी, हरभरा तोच आणून टाकतो. आईच्या मोतीबिंदूच्या वेळी दोन दिवस दवाखान्याच्या बाकावर तोच झोपला होता. मी पुढे झाले की म्हणायचा, "तू ऱ्हाऊ दे ताई, तू पुस्तकं वाच."

खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाला टोपीला लावायची बत्ती देतात. तिच्यावर नंबर असतो. बत्ती घेतली की बत्तीघराच्या भिंतीवरचा त्या नंबरचा हूक रिकामा होतो, माणूस वर आला की बत्ती पुन्हा हुकावर जाते. अपघात झाला की लोक आधी यादीकडे धावत नाहीत, हुकांकडे बघतात. लहानपणी नानांनी मला ती भिंत दाखवली होती. तिथले कारकून उखर्डूकाका हे त्यांचे चहाचे सोबती. चौतीस वर्षं त्यांनी ती भिंत सांभाळली. पाळीचे सगळे हूक भरल्याशिवाय आपण डबा उघडत नाही, असं ते मला ऐटीत सांगायचे.

नानांच्या दहाव्याला उखर्डूकाका आले नाहीत. तेराव्यालाही नाहीत. आईने दोन-तीनदा विचारलं, उखर्डूभाऊ कसे काय नाही आले. नंतर कोणीतरी सांगितलं की त्यांना निलंबित केलं, चौकशी झाली आणि ते तसेच निवृत्त झाले. मी एकदा फोन केला होता. "पोरी, माझ्याकडूनच राहिलं असेल," एवढं बोलून त्यांनी ठेवून दिला. काय राहिलं, ते मला तेव्हा समजलं नव्हतं.

आमच्या ग्रंथालयातही वार्षिक मोजणीत असं होतं. पुस्तक नोंदीप्रमाणे बाहेर असतं आणि फळीवर सापडतं. चूक बहुतेक वेळा आमचीच असते. पण मग ते पुस्तक कुठेतरी सापडतं तरी. उखर्डूकाकांनी बत्ती परत घेतली आणि हुकावर लावायची विसरले असतील, तर ती टेबलावर, खणात, कुठेतरी मिळायला हवी होती.

बुधवारी मी मेलखालच्या नंबरवर फोन केला. पलीकडचे गृहस्थ नम्र होते.

"चौकशी अहवालात तसंच आहे, मॅडम. कामगाराचा जबाब आहे, बत्ती जमा केली म्हणून. क्लार्कनेही नाकारलं नाही."

"आणि बत्ती?"

"दोनशे चौदा नंबर. नाही मिळाली. पाण्यात बरंच काही गेलं ना तेव्हा. तुम्ही फक्त नावं बघून घ्या."

आईला मी पुरस्काराचं सांगितलं, आठव्या ओळीचं सांगितलं नाही. ती मेथी निवडत होती. "नागपूरले जा लागीन? एकच दिवस ना?" म्हणाली. मी हो म्हटलं. तिने काड्या कागदात गुंडाळल्या.

शनिवारी आम्ही पहूरला गेलो. नवलच घ्यायला आला होता. दुसऱ्या दिवशी कानबाई बसायची होती. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते आणि सगळे भाऊबंद, कामाधंद्याला कुठेही गेलेले असले तरी, तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गावी येतात. रोटांचे गहू मोजून घेतात. कुळातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ, मग तो ऐंशीचा असो नाहीतर पाळण्यातला. बायकांची मूठ धरत नाहीत. मूठ धरली की त्या माणसाने यायचं आणि त्या गव्हाचे रोट कुळातच संपवायचे, बाहेर द्यायचे नाहीत. अपघाताच्या वर्षी नानांनी फोन करून सांगितलं होतं, "मले ड्यूटी हाये, जमत नई. पन माही मूठ धरजा." आम्ही धरली होती. रविवारी दुपारी निरोप आला तेव्हा रोट तव्यावर होते.

त्यानंतर दोन वर्षं आमच्याकडे रोट झाले नाहीत. यंदा नवलला मुलगा झाला, म्हणून त्याच्या आईने, भागाकाकूने, पुन्हा मांडायचं ठरवलं.

गाडीत नवल पावसाचं बोलत होता, केळीवरच्या करप्याचं बोलत होता. मी त्याच्या मानेकडे बघत होते. मानेवर डाव्या बाजूला केसांत एक पांढरा पट्टा आला होता. आधी मला तो दिसला नव्हता.

नवलच्या घरच्या ओसरीत चार-पाच बायका सूप आणि पितळी परात घेऊन बसल्या होत्या. नवल आत जाऊन कोठीतून गहू काढून आणत होता.

"सून हाये, मी हाये, पन कोठीले हात लावू देत नई हा," भागाकाकू आईला सांगत होती. "तीन वर्सं झाले. सोनं पुरून ठेयेल हाये का काय तेच्यात."

"असंन तं मले पाटल्या कर म्हना," नवलची बायको दिपमाला म्हणाली. "लग्नात नुसत्या बोलल्याच व्हत्या."

बायका हसल्या. नवलने टोपली टेकवली आणि तो परत आत गेला.

भागाकाकू मुठी धरू लागली. पदर खोचलेला, डोळे अर्धवट मिटलेले. एकेक नाव घ्यायची, एक मूठ टाकायची, वर चिमूटभर सव्वाची. "सुकदेव. वना. वनाचा थोरला. वनाचा धाकला."

"वनाची मूठ मोठी धर वं भागा, पोट पाह्य तेचं," कोणीतरी म्हणालं.

"पोट तं उधारीचं हाये, मूठ कायले मोठी. नवल. नवलचा तेजस. जीवराम."

मूठ परातीत पडली होती. सव्वाची चिमूटही पडली. मग तिच्या लक्षात आलं आणि हात तसाच राहिला. वर्षानुवर्षं नावं त्याच क्रमाने घेतलेली. जीभ थांबली नाही.

परातीतले गहू एक झाले होते. त्यातून एका माणसाचे वेगळे काढायचे म्हणजे काय काढणार.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली.

"पन एक मूठ जास्त झाली ना सुनंदा. खाईन कोन? कुळाबाहेर देता येत नई."

नवल दारात टोपली घेऊन उभा होता. "मी खाईन," तो म्हणाला.

भागाकाकूने मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं.

मी उठून त्याच्या मागे आतल्या खोलीत गेले. तिथे पत्र्याची कोठी होती, खताच्या रिकाम्या गोण्या होत्या, खिडकीतून परसातला उजेड येत होता. मी पर्समधून कागद काढून त्याच्या हातात दिला. तो ओठ हलवत वाचतो. आठव्या ओळीपाशी ओठ थांबले.

"हे तठी सर्व्यांसमोर वाचतीन?"

"हो."

"काकू बी राहीन."

"हो."

त्याने कागद उलटून मागची कोरी बाजू बघितली. पुन्हा सरळ केला.

"नाव काढता येते का?"

"येतं. माझी सही लागते. मी काढा म्हटलं की काढतील."

"मंग काढ ना ताई."

"तू बत्ती परत दिली होतीस का, नवल?"

बाहेर बायका मोजत होत्या. मग त्याने कोठीचं झाकण सरकवलं, हात कोपराच्या वर गव्हात घातला आणि प्लास्टिकच्या पिशवीचं एक गाठोडं बाहेर ओढलं. पिशवीच्या घड्यांतून गहू खाली सांडले. त्याने ते आधी वेचले, मग पिशवी सोडली. बत्ती, तिची काळी वायर, कमरेला लावायची बॅटरी. बॅटरीवर पत्र्याचा बिल्ला होता. २१४.

"शनवारी साडेबारालेच निंघालो," तो म्हणाला. "सायबाले सांगतलं असतं तं सोडलं नसतं. जुन्या बाजूचं एक तोंड हाये, तठून चालत वर येता येते. बत्तीघर मेन तोंडापाशी, दोन किलोमीटर. तठी गेलो असतो तं जीप गेली असती, आन् जीप गेली असती तं वर्ध्याची भुसावळची गाडी गेली असती. माही मूठ धरेल व्हती. म्हटलं, बत्ती थैलीत घालू, मंगळवारी दिऊन टाकू. उखर्डूबाबा दोन शिव्या देतीन."

"फोन?"

"बंद पडेल व्हता. रविवारी घरी येऊन चार्जिंगले लावला." तो थांबला. "नऊ वाजले व्हते. चालू केला तं एकोनीस मिस कॉल. सर्वे तठलेच. नानाचे बी दोन व्हते."

मी बॅटरीवरच्या बिल्ल्याकडे बघत होते.

"मले वाटलं, बत्तीपाई करू राह्यले. म्हटलं सनाच्या दिवशी कोन बोलनं खाईन. पालथा करून ठेवला फोन. अंघोळीले गेलो."

नऊ. नऊ चाळीस. माझ्या हाताला काहीतरी करायला हवं होतं म्हणून मी खाली उरलेला एक गहू उचलला.

"मंग तठी विचारलं तेव्हा सांगतलं, जमा केली व्हती. पुढं ते सुधरोता आलं नई. बत्ती फेकोता बी आली नई. दोनदा विहिरीपावतर गेलो."

"उखर्डूकाकांना वाटतं, त्यांच्याकडूनच राहिलं."

"ठाऊक हाये."

"मी तुझं नाव काढू शकते. नुसतं 'एक कामगार' असं करतील. पण मग 'त्रुटी' तशीच राहते. सगळी ओळ काढली तरी अहवालात राहते."

"माहं काय बी लिही तू," तो म्हणाला. "पोलिसात दे. पन काकूले कोन सांगीन? मी तिले जेवाले वाढलं ताई. तिच्या डोळ्यात थेंब घातले दिवसातून चारदा."

सांगायचं असतं तर मी मंगळवारीच सांगितलं असतं. मंगळवारपासून मी तेच टाळत होते. पुरस्कार, मानपत्र, सही ही सगळी कामं मला करता येत होती. आईला हे एक वाक्य सांगणं करता येत नव्हतं. सांगितलं की तिचा उरलेला माणूस जाणार होता.

बाहेर भागाकाकूने नवलला हाक मारली. आणखी दोन मुठींचे गहू हवे होते.

त्याने टोपलीत गहू भरले. त्यावर बत्ती ठेवली, वायर नीट गुंडाळून. मी बाजूला झाले. तो ओसरीत गेला आणि टोपली आईसमोर ठेवून उकिडवा बसला.

आईने आयुष्याची बावीस वर्षं खाणीच्या क्वार्टरमध्ये काढली होती. तिला बत्ती कळायला वेळ लागला नाही. तिने बिल्ल्यावरची गव्हाची धूळ अंगठ्याने पुसली, नंबर वाचला.

"ही कोनाची?"

"माही," नवल म्हणाला. आणि मला सांगितलं तेच त्याने पुन्हा सांगितलं, त्याच क्रमाने. काही सोडलं नाही. एकोणीस मिस कॉलही नाही. अर्ध्यावरच भागाकाकूच्या तोंडून एक आवाज निघाला आणि दिपमालाने तेजसला उचलून छातीशी धरलं. बाकीच्या बायका परातीकडे बघत राहिल्या.

"तवा नऊ वाजले व्हते, काकू," तो शेवटी म्हणाला. "नाना नऊ चाळीसले…"

"मले टाइम ठाऊक हाये," आई म्हणाली.

तिने बत्ती मांडीवर घेतली होती. परसात कोणाचीतरी शेळी ओरडत होती. आई रडली नाही. ती त्याच्याकडे बघतही नव्हती, माझ्याकडेही नाही. थोड्या वेळाने तिने टोपली भागाकाकूकडे सरकवली.

"मूठ धर. दळन बाकी हाये अजून."

"सुनंदा…"

"धर." मग नवलकडे न बघताच ती म्हणाली, "तुही मूठ धरेल हाये. उद्या बसजो रोटाले. त्याच्याबाद माह्या घरी येजो नको. कवापावतर नको, ते मले आज सांगता येत नई."

नवलने मान हलवली.

"कामिनी, उखर्डूभाऊचा नंबर हाये ना तुह्यापाशी?"

मी फोन लावून स्पीकरवर टाकला. बराच वेळ वाजत राहिला. मग त्यांचा आवाज आला, आधीपेक्षा बारीक.

"उखर्डूभाऊ, सुनंदा बोलते. बत्ती सापडली."

मला वाटलं लाइन गेली.

"किती नंबरची, वहिनी?"

"दोनशे चौदा."

"बिल्ला आहे का वर? वाचून सांगा."

"हाये. दोन, एक, चार."

श्वास ऐकू येत होता. "सकाळी सहा चाळीसला दिली होती," ते म्हणाले. "दोनशे तेरा दिली, त्याच्यानंतर. परत आली नव्हती. मी तसंच लिहिलं होतं. नंतर सगळे म्हणायला लागले, तर मला वाटायला लागलं…" ते थांबले. "परत आली नव्हती ना?"

"नव्हती आली."

"हां," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "हां."

कोणाकडे होती, ते त्यांनी विचारलं नाही. बत्ती बत्तीघराच्या पत्त्यावर पाठवा, वायर मोडू देऊ नका, असं सांगितलं. नवल खालच्या आवाजात म्हणाला की मी नेऊन देतो, जबाबही बदलून देतो. आईने ते फोनमध्ये जसंच्या तसं सांगितलं, फक्त नाव घेतलं नाही. जेवलात का, असंही तिने विचारलं. अजून नाही, ते म्हणाले. आता बसतो.

बायका दळण घेऊन गिरणीवर गेल्या. मी ओसरीच्या कठड्यावर कागद ठेवून आठवी ओळ खोडली. वर बारीक अक्षरात लिहिलं: "बत्तीघरातील नोंद बरोबर होती. कामगार श्री. नवल अभिमन सरोदे हे बत्ती जमा न करता, ती सोबत घेऊन, आधीच बाहेर पडले होते." नवलला वाचून दाखवलं. त्याने ऐकलं आणि म्हणाला, "फोनचं नई लिहिलं."

"त्याला जागा नाही," मी म्हटलं.

खाली सही केली. आईने चष्मा लावून कागद लांब धरला. सगळा वाचला की नाही, कोण जाणे.

"किती ओळी झाल्या आता?"

मी मोजल्या. "तेरा."

"मंग बारीक अक्षरात छापतीन," ती म्हणाली आणि कागद मला परत दिला.